तुमचा फोन खरा आहे, हे आम्ही ओळखायचे कसे?

प्रति,
सर्व बँका, दूरसंचार कंपन्या आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थांचे प्रमुख

विषय : फसवणूक टाळण्यासाठी ग्राहकांना दिल्या जाणाऱ्या सूचना आणि आपली स्वतःची संपर्काची पद्धत यांतील विसंगती

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

काही महिन्यांपूर्वी माझ्या बँकेतून मला फोन आला. क्रमांक अनोळखी होता. पलीकडच्या व्यक्तीने माझे पूर्ण नाव घेतले, खात्याशी संबंधित एका कामाचा उल्लेख केला आणि पुढे बोलण्याआधी ‘ओळख पटवण्यासाठी’ माझी जन्मतारीख आणि कार्डावरचे शेवटचे चार आकडे विचारले. मी ते सांगायला नकार दिला आणि आपण बँकेतूनच बोलत आहात याची खात्री मी कशी करून घ्यावी, असे विचारले. त्यांच्याकडे याचे उत्तर नव्हते. ‘मॅडम, बँकेतूनच बोलतोय,’ एवढेच ते पुन्हा पुन्हा, शेवटी थोडे वैतागून, सांगत राहिले. मी फोन ठेवला, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन लावला आणि बराच वेळ ताटकळल्यावर मला कळले की तो फोन खरोखरच बँकेचा होता.

त्या कर्मचाऱ्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. त्याच्यासमोर जे लिहून ठेवले होते ते त्याने वाचले. माझी तक्रार ते लिहिणाऱ्यांकडे आहे. अनोळखी क्रमांकावरून आलेल्या फोनवर वैयक्तिक माहिती देऊ नका, असे तुम्ही आम्हाला आठवड्यातून दोनदा कळवता, आणि तुमचाच माणूस अनोळखी क्रमांकावरून फोन करून वैयक्तिक माहिती मागतो. ओळख नेहमी ग्राहकाने पटवायची. फोन करणाऱ्याने स्वतःची ओळख पटवायची काहीच सोय नाही. हे पत्र मुख्यतः या एका गोष्टीबद्दल आहे, कारण फसवणूक ओळखायची कशी हा प्रश्न मला जितका भामट्यांविषयीचा वाटतो, तितकाच तो तुमच्याविषयीचाही वाटतो.

खोटी नोट ओळखायला आपण कसे शिकतो, याचा विचार करावा. खऱ्या नोटेवर जे असतेच असते, ते आपल्याला माहीत असते. ते नसले की शंका येते. तुमच्या संपर्कात असे ‘असतेच असते’ काय आहे? एक संदेश एका नावाने येतो, दुसरा दुसऱ्या नावाने येतो. कधी लिंक पूर्ण पत्त्याची असते, कधी कोणालाही वाचता न येणारी, आखूड केलेली असते. ‘आजच माहिती अद्ययावत करा, अन्यथा सेवा बंद होईल’ हे वाक्य भामट्याच्या संदेशात असते आणि ते तुमच्याही संदेशात असते. कर्ज, विमा, नवे कार्ड विकण्यासाठी तुम्ही ज्या बाहेरच्या संस्थांना आमचे क्रमांक देता, त्यांचे लोक तर ‘मी बँकेतून बोलतोय’ अशीच सुरुवात करतात. वर्षानुवर्षे अशा संपर्काला प्रतिसाद देण्याची सवय तुम्ही आम्हाला लावली आणि भामट्यांनी ती सवय आयती उचलली.

आता तुमच्या सूचनांकडे वळते. त्यांतल्या काही आजही उपयोगी आहेत, पण काही कालबाह्य झाल्या आहेत आणि त्या दिल्यामुळे नुकसानच होते.

‘क्रमांक तपासा’ ही त्यांतली पहिली. फोनच्या पडद्यावर दिसणारा क्रमांक म्हणजे फोन करणाऱ्याच्या बाजूच्या यंत्रणेने पुढच्या यंत्रणेला सांगितलेली माहिती असते. मोजक्याच, एकमेकींना ओळखणाऱ्या दूरध्वनी कंपन्या होत्या त्या काळात ही व्यवस्था घडली आणि सांगितलेले खरे मानायचे, हाच तिचा पाया होता. आज इंटरनेटवरून फोन करणाऱ्याला त्या जागी तुमच्या ग्राहकसेवेचा क्रमांक भरता येतो. एसएमएसचेही तसेच आहे. पाठवणाऱ्याचे नाव म्हणजे केवळ भरलेली अक्षरे असतात. जिथे नावांची नोंदणी सक्तीची नाही, तिथे घाऊक संदेश पाठवणारा कोणीही तुमच्या बँकेचे नाव तिथे घालू शकतो. आपले फोन संदेश नावावरून एकत्र लावतात, त्यामुळे हा खोटा संदेश थेट तुमच्या जुन्या, खऱ्या संदेशांच्या खाली येऊन बसतो. वर तुमचा खरा ओटीपी, त्याखाली तुमचा खरा शिल्लक रकमेचा संदेश आणि त्याखाली भामट्याची लिंक, असे दिसल्यावर कोणता सामान्य माणूस शंका घेईल?

2021 च्या डिसेंबरमध्ये सिंगापूरमध्ये नेमके हेच घडले. एका मोठ्या बँकेच्या नावाने आलेले संदेश खऱ्या संदेशांच्या रांगेत दिसले आणि सुमारे 790 ग्राहकांचे मिळून 1 कोटी 37 लाख सिंगापूर डॉलर गेले. त्यानंतर तिथल्या नियामकाने आणि बँकांनी जे केले, ते मला महत्त्वाचे वाटते. ‘लिंक नीट पाहून मग दाबा’ असे ग्राहकांना नव्याने समजावत बसण्याऐवजी, जानेवारी 2022 मध्ये बँकांनी किरकोळ ग्राहकांना पाठवायच्या एसएमएस आणि ईमेलमधून दाबण्याजोग्या लिंक काढूनच टाकायच्या, असे ठरले. पुढे 31 जानेवारी 2023 पासून नोंदणी नसलेल्या नावाने आलेल्या संदेशावर ‘ही फसवणूक असण्याची शक्यता आहे’ अशा अर्थाचा शिक्का आपोआप पडू लागला. यामुळे तिथल्या ग्राहकाला एक साधा नियम मिळाला : बँकेच्या संदेशात लिंक असेल, तर तो संदेश बँकेचा नाही. हा नियम लहान मुलालाही कळतो आणि घाबरलेल्या माणसालाही आठवतो. पण बँक स्वतः लिंक पाठवणे थांबवेल, तेव्हाच तो खरा ठरतो.

‘पत्ता नीट वाचा’ ही दुसरी सूचना. ती चुकीची नाही, पण पत्ता वाचायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. संकेतस्थळाच्या पत्त्यात बँकेचे नाव कुठेतरी असणे पुरेसे नसते. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून त्यापुढे जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी कोणाचे नाव आहे, ते पाहायचे असते, आणि ते उजवीकडून डावीकडे वाचायचे असते. बँकेचे नाव सुरुवातीला लिहून मूळ नाव शेवटी भलतेच ठेवणे, ही जुनी युक्ती आहे. शिवाय लॅटिन (म्हणजे इंग्रजीच्या) लिपीतील काही अक्षरे आणि सिरिलिक (म्हणजे रशियनसारख्या भाषांच्या) लिपीतील काही अक्षरे डोळ्यांना हुबेहूब सारखी दिसतात. असा खोटा पत्ता बनवता येतो हे 2002 मध्येच दाखवून दिले गेले होते आणि ब्राउझरांनी नंतर त्यावर बराच बंदोबस्त केला असला, तरी फोनच्या लहान पडद्यावर पूर्ण पत्ता मुळात दिसतच नाही. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाबद्दलही मोठा गैरसमज आहे. त्या कुलपाचा अर्थ इतकाच की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधली माहिती कोणी वाटेत वाचू शकणार नाही. पलीकडे भामटा बसला असेल, तर ती सुरक्षितपणे भामट्याकडेच पोहोचते.

तिसरी सूचना, ‘शुद्धलेखनाच्या चुका असतील तर सावध व्हा’, ही आता पूर्ण मागे घ्यावी, अशी माझी विनंती आहे. परदेशी राजपुत्राच्या अडकलेल्या संपत्तीची ती गबाळी पत्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. कैदेत पडलेल्या श्रीमंत माणसाच्या नावाने पैसे मागणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या पत्रांचीच ती पुढची पिढी. ती इतकी अविश्वसनीय का असतात, याची फोड संगणकशास्त्रज्ञ कॉर्मॅक हर्ली यांनी 2012 मध्ये केली. शेवटपर्यंत साथ न देणाऱ्या शहाण्या माणसावर भामट्याला वेळ घालवायचा नसतो, म्हणून पत्रातला भोंगळपणा चाळणीचे काम करतो, असे त्यांचे म्हणणे. परंतु माणसे गाळण्याची गरज लागते ती प्रत्येक संभाषणावर माणसाची मेहनत खर्च होते म्हणून. आज कोणत्याही भाषेत निर्दोष मजकूर लिहिणारी आणि संभाषणही चालू ठेवणारी साधने फुकट मिळतात. ज्या ग्राहकाला तुम्ही ‘चुका शोधा’ असे शिकवले आहे, तो बिनचूक पत्र पाहून निर्धास्त होतो.

आवाज आणि चेहराही आता पुराव्यात धरता येत नाही. 2024 च्या आरंभी हाँगकाँगमध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्याने 15 व्यवहारांत मिळून सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. त्या माणसाला सुरुवातीचा ईमेल संशयास्पद वाटला होता. प्रशिक्षणाने जे साधायचे ते तिथे साधले होते. पण नंतर एका व्हिडिओ बैठकीत त्याला आपले वरिष्ठ अधिकारी आणि ओळखीचे सहकारी बोलताना दिसले आणि त्याची शंका फिटली. ती सारी माणसे संगणकाने घडवलेली होती. त्याच्या जागी मी असते तर माझीही शंका फिटली असती, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

मग ओळखायचे कशावरून? माझ्या मते फसवणुकीचे रूप बदलते, पण तिची चाल बदलत नाही. आणि ही चाल मी फार जवळून पाहिली आहे.

माझ्या मावशीला एका दुपारी फोन आला. तिच्या नावे पाठवलेल्या पार्सलमध्ये बेकायदा वस्तू सापडल्या आहेत, असे सांगून तो फोन पोलीस अधिकारी म्हणवणाऱ्या माणसाकडे दिला गेला. मावशी आयुष्यभर हिशेबाचे काम केलेली, चोख, कोणाचे उधार न ठेवणारी बाई आहे. तिला फोन बंद करू दिला नाही. प्रकरण गोपनीय आहे, घरच्यांना सांगितले तर तेही आरोपी होतील, असे बजावले. जवळजवळ सहा तास ती त्या फोनवर होती. सुनेने दार वाजवले तेव्हा डोके दुखतेय म्हणाली. मग ‘चौकशी होईपर्यंत’ पैसे एका ‘सुरक्षित खात्यात’ ठेवायला ती स्वतः बँकेच्या शाखेत गेली. पर्समध्ये फोन चालूच होता. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने एवढी मोठी रक्कम कशासाठी, असे विचारलेही. तिने पढवल्याप्रमाणे उत्तर दिले, त्याने फॉर्मवर शिक्का मारला आणि तिची मुदत ठेव मोडून रक्कम पाठवली गेली.

या प्रसंगात एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती, एकही लिंक नव्हती आणि कोणी ओटीपी मागितला नव्हता. तुमच्या सूचनांच्या यादीतले काहीच तिथे लागू पडले नसते. तरीही त्या सहा तासांत चार गोष्टी सतत चालू होत्या : भीती, घाई, गुप्तता आणि फोन ठेवायला मनाई. या चार गोष्टी जिथे एकत्र दिसतील, तिथे पुढची व्यक्ती कोण आहे हे तपासण्याचीही गरज उरत नाही. खरा अधिकारी, खरी बँक, खरे न्यायालय यांपैकी कोणालाही तुम्ही फोन ठेवून घरच्यांशी बोललात म्हणून फरक पडत नाही. तो फरक फक्त भामट्याला पडतो, कारण त्याचा सगळा खेळ तुम्हाला एकटे पाडण्यावर उभा असतो. माझ्या मते ओळखीच्या साऱ्या खुणांमध्ये हीच सर्वांत पक्की, आणि तुमच्या जाहिरातींमध्ये मला ती क्वचितच दिसते.

भीतीच्या जागी कधी लोभ असतो, कधी माया असते, कधी केवळ मदत करण्याची इच्छा असते. घरबसल्या कामाच्या नावाखाली आधी लहान रकमा खरोखर खात्यात जमा होतात आणि विश्वास बसल्यावर ‘पुढच्या टप्प्यासाठी’ भरणा करायला सांगतात. गुंतवणुकीच्या खोट्या अ‍ॅपमध्ये नफा रोज वाढताना दिसतो, कारण तो आकडा लिहिणारा भामटाच असतो. पैसे काढायला गेले की कर किंवा शुल्क आधी भरा, असे सांगितले जाते. ‘आई, माझा फोन बिघडलाय, हा नवा नंबर’ असा संदेश येतो. कोणी तांत्रिक मदतीसाठी स्क्रीन शेअर करायला लावतो आणि मग तुम्ही टाइप केलेले प्रत्येक अक्षर त्याला दिसते. पैसे मिळवण्यासाठी पिन टाका किंवा क्यूआर कोड स्कॅन करा, असे सांगणारा तर सरळसरळ पैसे काढून घेत असतो. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. आणि एकदा फसलेल्या माणसाला काही दिवसांनी ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा फोन येतो, कारण फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात. या दुसऱ्या फसवणुकीबद्दल तक्रार नोंदवतानाच प्रत्येकाला सावध केले गेले पाहिजे.

हे सारे ग्राहकाने लक्षात ठेवावे, हे मला मान्य आहे, आणि मी स्वतः माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाला ते सांगते. परंतु फसवणूक हे भामट्याचे पूर्णवेळ काम असते; आम्ही मात्र स्वयंपाक करताना, रुग्णालयात बसलेले असताना, मुलाच्या प्रवेशाच्या धावपळीत फोन उचलतो. वर्षभर सावध राहिलेला माणूस त्या एका गडबडीच्या मिनिटात चुकतो. म्हणून ज्यांच्याकडे रोज लाखो व्यवहार पाहणारी यंत्रणा आहे, त्यांनी आपला वाटा उचलावा, एवढीच अपेक्षा आहे.

बँकांकडे माझी पहिली मागणी अशी की, स्वतःहून केलेल्या फोनवर ग्राहकाला कोणतीही माहिती विचारणे कायमचे बंद करावे. कर्मचाऱ्याने आपले काम थोडक्यात सांगून ‘आता फोन ठेवा आणि कार्डामागच्या क्रमांकावर स्वतः फोन करा’ असेच म्हणावे. ब्रिटनमध्ये 2021 च्या सप्टेंबरपासून 159 हा लहान, लक्षात राहणारा क्रमांक आहे. शंका आली की फोन ठेवायचा, तो फिरवायचा आणि आपल्या बँकेचे नाव सांगून तिथे पोहोचायचे. भारतात रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये व्यवहार आणि सेवेसंबंधीच्या फोनसाठी 1600 ने सुरू होणारी क्रमांकमालिका वापरण्याची सूचना दिली आणि पुढे बँकांच्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा वेगळा शेवट ठरवला. ही दिशा मला अगदी योग्य वाटते, कारण यातून खऱ्या नोटेवरची ती खूण तयार होते. पण अशी खूण टिकते ती अपवाद न केल्याने. एकाही विभागाने, एकाही विक्री प्रतिनिधीने सोयीसाठी जुन्या, साध्या क्रमांकावरून फोन केला, तर ग्राहक पुन्हा होता तिथेच येतो. शिवाय पडद्यावरचा क्रमांक खोटा दाखवता येतो, हे वर लिहिलेच आहे. म्हणून ही मालिकाही दूरसंचार कंपन्यांनी राखली तरच तिला अर्थ आहे.

ओटीपीच्या संदेशाकडेही कृपया पाहावे. अनेक संदेशांत आकडा आधी येतो आणि तो कशासाठी आहे हे शेवटी, कधीकधी न समजणाऱ्या संक्षेपात येते. फोनच्या सूचनेत फक्त पहिली ओळ दिसते आणि घाईतला माणूस तीच वाचून दाखवतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ऑनलाइन व्यवहाराचा कोड त्या रकमेशी आणि पैसे घेणाऱ्याशी बांधलेला असावा लागतो आणि त्या दोन्ही गोष्टी ग्राहकाला कळवाव्या लागतात. तुमच्या संदेशाची पहिली ओळ ‘अमुक यांना इतके रुपये जाणार आहेत’ अशी असली आणि कोड अगदी शेवटी आला, तर किती हात थांबतील, याचा अंदाज आपणच बांधावा.

खाते क्रमांकासोबत नाव जुळवून दाखवणे ही अशीच एक साधी गोष्ट, जी कित्येक वर्षे केली गेली नाही. आम्ही नाव लिहीत होतो, फॉर्मवर त्यासाठी रकाना होता, आणि प्रत्यक्षात यंत्रणा केवळ क्रमांक पाहत होती, हे ज्याला पहिल्यांदा कळते त्याला धक्का बसतो. ब्रिटनमधल्या मोठ्या बँकांनी 2020 मध्ये नाव पडताळणी सुरू केली. भारतात आरटीजीएस आणि एनईएफटी या बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याच्या पद्धतींसाठी ती 1 एप्रिल 2025 पर्यंत द्यावी, असा आदेश निघाला. युरो वापरणाऱ्या देशांत ती ऑक्टोबर 2025 मध्ये बंधनकारक झाली. ‘सुरक्षित सरकारी खाते’ म्हणून सांगितलेल्या खात्यावर एखाद्या अनोळखी माणसाचे नाव दिसले असते, तर मावशीचा हात कदाचित थांबला असता. कदाचित थांबला नसताही. भीतीत माणूस काय करतो याची खात्री देता येत नाही. पण ते नाव तिला दिसायला हवे होते.

आणि वेळ. भामट्याला घाई लागते, तर बँकेने सावकाशी द्यावी. वयस्कर ग्राहक ठेव मोडून, आयुष्यात कधी पैसे न पाठवलेल्या खात्यात मोठी रक्कम पाठवतो आहे, हे बँकेला दिसत असते. अशा वेळी ‘पैसे कशासाठी’ हा प्रश्न पुरेसा नाही, कारण त्याचे उत्तर पढवलेले असते. ‘आत्ता तुमच्याशी फोनवर कोणी बोलत आहे का?’, ‘घरच्यांना सांगू नका असे कोणी सांगितले आहे का?’ हे प्रश्न बाजूच्या खोलीत, फोन बंद करून विचारले गेले पाहिजेत. ब्रिटनमध्ये फसवणुकीचा रास्त संशय असेल, तर चौकशीसाठी व्यवहार नेहमीपेक्षा 72 तासांपर्यंत जास्त रोखून धरण्याची मुभा बँकांना 2024 च्या ऑक्टोबरअखेरीपासून मिळाली आहे. रोज चहापाण्याचे पैसे देणाऱ्याला कोणी थांबवू नये, हे खरे; पण आयुष्याची पुंजी एका दिवसात हलली नाही म्हणून कोणाचे फारसे बिघडत नाही.

दूरसंचार कंपन्यांना मला सांगायचे आहे की, ‘आम्ही फक्त तारा पुरवतो’ ही भूमिका आता टिकणारी नाही. क्रमांक खरा आहे की नाही, याची डिजिटल सही प्रत्येक फोनसोबत पाठवण्याची पद्धत अस्तित्वात आहे. अमेरिकेने 2019 च्या कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांसाठी तिची मुदत 30 जून 2021 ठरवली होती. ती जुन्या, इंटरनेटवर न चालणाऱ्या जाळ्यांवर अपुरी पडते आणि सही खरी असली तरी बोलणारा प्रामाणिक आहे असे सिद्ध होत नाही, या तिच्या मर्यादा मला माहीत आहेत. पण परदेशातून येणारा आणि देशातलाच क्रमांक दाखवणारा फोन सीमेवरच अडवणे, बँकांसाठी राखलेल्या मालिकेचे खोटे रूप पुढे न सोडणे, हे आपल्या हातात आहे.

नियामकांकडे एक मोठा प्रश्न उरतो : नुकसान कोणी सोसायचे? ब्रिटनने 7 ऑक्टोबर 2024 पासून असा नियम केला की, फसवून पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला देशांतर्गत जलद हस्तांतरणात 85,000 पौंडांपर्यंत भरपाई द्यावी आणि तिचा भार पैसे पाठवणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या संस्थांनी निम्मा निम्मा उचलावा. यातला दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. चोरीचे पैसे जातात ती भाड्याने घेतलेली खाती कोणत्या ना कोणत्या बँकेने उघडलेली असतात, आणि तोपर्यंत त्या बँकेचे फारसे काही पणाला लागलेले नव्हते. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी 2025 मध्ये केलेल्या कायद्याच्या कक्षेत बँका, दूरसंचार कंपन्या आणि समाजमाध्यमे या तिघांनाही आणले, हेही योग्यच झाले, कारण खोट्या गुंतवणुकीच्या जाहिराती पैसे घेऊन दाखवणारी समाजमाध्यमे आजवर बाजूलाच राहिली होती.

भरपाई मिळते म्हटल्यावर ग्राहक बेफिकीर होतील, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो निराधार आहे असे मी म्हणणार नाही. ब्रिटनच्या नियमातही अत्यंत निष्काळजीपणासाठी अपवाद ठेवलेला आहे. मात्र ज्या बाईने सहा तास घामाघूम होऊन फोन धरला, तिला भरपाईच्या आशेने बेफिकीर म्हणणे मला पटत नाही. तिला तक्रार नोंदवताना पहिला प्रश्न विचारला गेला, ‘तुम्हीच दिलेत ना पैसे?’ ती गप्प झाली. त्यानंतर पुढची माहिती काढायला आम्हाला दोन दिवस लागले, आणि अशा प्रकरणात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जायला काही मिनिटेच लागतात. लाज वाटल्याने माणूस उशिरा बोलतो आणि उशीर झाल्याने पैसे जातात. तक्रार घेणाऱ्याचे पहिले वाक्य ‘बरे झाले लगेच आलात, आधी खाते गोठवू’ असे असले पाहिजे, आणि ते त्याच्या प्रशिक्षणात लिहिलेले असले पाहिजे.

पलीकडून बोलणाऱ्यांबद्दलही एक गोष्ट नोंदवते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट 2023 मध्ये दिलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान 1,20,000 आणि कंबोडियात सुमारे 1,00,000 लोकांना डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतली जात असावीत. त्यांतले अनेक जण नोकरीच्या खोट्या जाहिरातीला भुलून तिथे गेले होते. आपल्याला फोन करणारा प्रत्येक जण असा बंदिवान नसतो, पण हा उद्योग किती मोठा आणि संघटित आहे हे यावरून दिसते. अशा उद्योगासमोर घरोघरच्या एकेकट्या माणसाला एक माहितीपत्रक देऊन उभे करणे न्यायाचे नाही.

आपल्याकडून हे बदल होईपर्यंत मी माझ्या घरात काही नियम ठरवले आहेत. पैशांचा, पोलिसांचा किंवा बँकेचा विषय निघाला की फोन ठेवायचा, मग समोरचा कोणीही असो. त्यानंतर आपण स्वतः शोधलेल्या क्रमांकावर, शक्यतो दुसऱ्या फोनवरून, चौकशी करायची. त्याने दिलेल्या क्रमांकावर नाही. घरातल्या कोणाच्याही आवाजात तातडीची मदत मागितली गेली, तर आम्ही आपापसात ठरवलेला एक शब्द विचारायचा. मोठी रक्कम पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्यायची. मावशी आता हे नियम आम्हा सर्वांपेक्षा काटेकोरपणे पाळते आणि सोसायटीतल्या इतरांनाही शिकवते.

याचा अर्थ असा की, यापुढे आपल्या बँकेतून मला खरा फोन आला, तरी मी तो बंद करणार आहे. आपल्या कर्मचाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही. मी कार्डामागचा क्रमांक फिरवीन. त्या क्रमांकावर पर्यायांच्या लांबलचक यादीशिवाय, काही मिनिटांच्या आत एक माणूस बोलायला मिळेल, एवढी व्यवस्था आपण कधीपर्यंत करणार आहात, ते कृपया जाहीरपणे कळवावे.

आपली,
एक खातेदार